नेमतबोबांच्या नावानं सात पोळ्या

संगणक बिघडला तेव्हा सोबिरजोन त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. हे तो पुढे भेटेल त्याला शपथेवर सांगत असे, आणि ते खरंच होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. मार्चचं कोवळं ऊन पडलं होतं, अल्माटीच्या डोंगरावरचं बर्फ वितळून रस्त्याकडेच्या पाटांतून खळखळत चाललं होतं, आणि पोट भरलेलं असताना एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला सकाळी अकराच्या सुमारास जी गुंगी येते ती त्याला आली होती. एवढ्यात आतून 'कट्' असा आवाज आला. जर्दाळूची कोय दाढेखाली फोडली की येतो तसा. पडदा निळाशार झाला. सोबिरजोनच्या गावचं, इस्फाराचं, आभाळ वसंतात असं निळं होतं. त्यावर पांढरी बारीक अक्षरं उमटली, आणि सोबिरजोन ती फुलं बघावीत तशी कौतुकानं बघत राहिला. मग सगळं काळं झालं.

त्या काळोखात एक तक्ता गेला होता. एकच, पण तोच सगळं होता. इस्फाराच्या एका झाडावर जर्दाळूचं पहिलं फूल कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला उमललं, याची एक्केचाळीस वर्षांची यादी. बाकीचा प्रबंध मार्गदर्शक बाईंकडे केव्हाच जमा झाला होता. तक्ता मात्र सोबिरजोननं स्वतःपाशी ठेवला होता, कारण त्याच्या रेघा रोज जराशा सरळ करण्यात त्याला फार सुख वाटे. नौरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी तक्ता बाईंच्या टेबलावर आणि दोन दिवसांनी तोंडी परीक्षा, असं ठरलं होतं. मुदतवाढ तीनदा मिळाली होती. चौथी मिळणार नव्हती, नाव कापलं जाणार होतं. शेतकी महाविद्यालयात बावीस वर्षं शिकवणारा अध्यापक परदेशात तीन महिने खोली घेऊन राहून हात हलवत परत आला, हे वाक्य आपल्या गावात कोण कोण कुठल्या सुरात म्हणेल ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

आता तुम्ही विचाराल की दुसरी प्रत नव्हती का. होती की. सोबिरजोन काही गाफील माणूस नव्हे. त्यानं 'सुरक्षित' या नावाचा एक वेगळा कप्पा करून त्यात प्रत ठेवली होती. कप्पा त्याच संगणकात होता.

बातमी घरमालकिणीला कळायला चार मिनिटं लागली, कारण ती चहा घेऊन येत होती. बाल्जान आपा सत्तरीच्या, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या. दुसऱ्याच्या भानगडीत कान घालणं हे त्यांना कुतूहल वाटत नसे, कर्तव्य वाटे. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, सोबिरजोनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि निदान केलं.

"दृष्ट लागलीय."

"आपा, यंत्राला दृष्ट लागत नाही."

"तू रोज त्याच्याकडे बघून हसायचास. मी दारातून बघत होते ना. इतकं हसल्यावर लागणार नाही तर काय?"

त्यांनी तव्यावर हर्मलाच्या बिया तडतडवल्या आणि तो धुमसता तवा संगणकाभोवती तीनदा फिरवला. तिसऱ्या फेरीला थोडी राख कळफलकात पडली. सोबिरजोननं फुंकर मारली तेव्हा ती आणखी आत गेली. खोलीत निळसर धूर भरला, त्यातून ऊन तिरपं आत आलं, आणि क्षणभर त्या माणसाला खरोखर वाटलं की हे सगळं स्वप्न आहे नि आपण घरी अंगणात पडलो आहोत. मग धुरातून शेजारचे ओराझबेक आगा खोकत आत आले.

ओराझबेक आगा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं मत पडलं की यंत्र दमलंय. "दमलेल्या घोड्याला कुणी चाबूक मारतं का, मास्तर? उन्हात ठेव. रात्रभर पाणी नको, दाणा नको. सकाळी आपोआप उठेल." संगणक खिडकीत ठेवला गेला. रात्री त्याच्यावर शालही पांघरण्यात आली, ती कुणी घातली हे नंतर कुणी कबूल केलं नाही. सकाळी तो उठला नाही.

तेव्हा आगांनीच बाजाराखालच्या तळघरातल्या मुखितचं नाव सुचवलं. मुखित गलेलठ्ठ, शांत, अर्धमिटल्या डोळ्यांचा कारागीर होता. त्यानं भिंतीवरची डॉक्टरची नळी काढली, कानाला लावली, दुसरं टोक संगणकाच्या पोटावर टेकवलं आणि डोळे पूर्ण मिटले. इतका वेळ मिटले की सोबिरजोनला आपणही जरा मिटावेत असं वाटू लागलं.

"जीव आहे," मुखित शेवटी म्हणाला. "पण बोलायचं नाही म्हणतोय."

"मग?"

"मोठ्या कंपनीकडे पाठवावं लागेल. हमीपत्र आहे ना? मग फुकट काढून देतील ते आतलं."

हमीपत्र होतं. सोबिरजोननं ते पिशवीतून काढलं तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा त्याची मान ताठ झाली. मुखितनं उलटसुलट वाचलं. "तुम्ही बाहेरच्या देशाचे. मग राहत्या जागेच्या नोंदणीचा दाखलाही लागेल."

दाखला संगणकात होता. मूळ कागद सोबिरजोननं नीट राहावा म्हणून आपांकडे दिला होता, आणि आपांनी तो नीट राहावा म्हणून असा काही ठेवला होता की आता त्यांनाच सापडत नव्हता. नक्कल हवी म्हणून तो नोंदणी कचेरीत गेला. तिथल्या बाई फार गोड बोलणाऱ्या होत्या. नक्कल मिळेल, अगदी आजही मिळेल, फक्त अर्ज संगणकावरून करायचा. संगणक बिघडलाय म्हणूनच नक्कल हवी आहे, हे सोबिरजोननं तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. बाईंनी तीनही वेळा मान हलवली, आणि मनापासून वाईट वाटून म्हणाल्या, "मग घरमालकाला घेऊन या. घराच्या कागदांसकट." घराचे कागद आपांच्या दिवंगत नवऱ्याच्या नावावर होते. "मग त्यांना आणा," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच ओशाळल्या. एवढ्यात खिडकीवर पाटी आली. उद्यापासून नौरोजची सुट्टी, सहा दिवस.

बाहेर जर्दाळू फुलायला लागले होते. अल्माटीचे लोक सफरचंदांच्या इतक्या बढाया मारतात की जर्दाळूकडे त्यांचं लक्ष नसतं, पण कचेरीच्या कुंपणापाशी एक होतं आणि त्याच्या एका फांदीवर सात-आठ फुलं होती. सोबिरजोन त्याखाली बसला. त्याला सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं, माणसं हळूहळू जाताहेत, आवाज लांबून येताहेत. या झाडाची तारीख कुणी लिहून ठेवली असेल का, असं त्याच्या मनात आलं. आणि मग, टाळत असूनही, जो माणूस लिहून ठेवतो तो आठवला.

खरं सांगायचं तर उपाय पहिल्या दिवसापासून समोर होता. एक फोन करायचा. तो तक्ता ज्याच्या पत्र्याच्या डब्यातून आला होता तो माणूस जिवंत होता, इस्फारात होता, आणि सोबिरजोनचा सासरा होता. नेमतबोबा.

बारा वर्षांपूर्वी सोबिरजोन, नुकता बढती मिळालेला, सासुरवाडीला अंगणातल्या जर्दाळूवर चढला आणि वरून चौदा पाहुण्यांसमोर म्हणाला, "दादोजान, तुमची छाटणी चुकीची आहे. शास्त्रात हे बसत नाही." नेमतबोबांनी वर पाहिलं. त्यांनी शिडी उचलली, खांद्यावर घेतली, आणि चहा प्यायला आत गेले. अध्यापक महाशय दुपारच्या नमाजापासून संध्याकाळच्या नमाजापर्यंत झाडावर होते. खाली मुलं जमली. एकानं त्यांना खायला म्हणून भाकरी वर फेकली. ती झेलता आली नाही, हे त्याला अजून लागतं. त्या दिवसापासून तो त्या घराची पायरी चढला नाही. दर वसंतात त्याची बायको मुनिसा एकटी माहेरी जाई आणि याला परीक्षांचं काम निघे.

तारखा मुनिसानंच एकदा वडील मशिदीत गेलेले असताना डबा उघडून फोनवर भरभर वाचून दाखवल्या होत्या. म्हाताऱ्याला ते कळलं आणि डब्याला कुलूप लागलं. आता सोबिरजोननं बायकोला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बाबा म्हणतात, ज्याला हवंय त्यानं स्वतः मागावं. मी आता मध्ये पडणार नाही, सांगून ठेवते."

"मुनिसा, माझं नाव कापतील."

"मग मागा ना. तोंडानं मागायचंय, झाडावर चढून नाही."

हा टोमणा त्याला इतका झोंबला की त्यानं घरी येऊन चहासुद्धा नको म्हटलं. आपांच्या स्वयंपाकघरात ओराझबेक आगा बसलेच होते. दोघांनी मिळून विचारपूस सुरू केली. आत काय होतं? तारखा. कुणाच्या? एका म्हाताऱ्याच्या. कोण म्हातारा? असाच, आमच्याकडचा.

"मग त्यालाच पुन्हा विचार की," आपा म्हणाल्या.

सोबिरजोननं खाली पाहिलं. आणि सुस्कारा टाकला. खोल, लांब, बारा वर्षं साठवलेला सुस्कारा. आपांचा हात चहाच्या किटलीवरच थांबला. आगांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"कधी गेले?" त्यांनी हळूच विचारलं.

इथं त्यानं तोंड उघडायला हवं होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. पण खरं सांगायचं म्हटलं तर त्यात शिडी आली असती, भाकरी आली असती. त्यानं नुसती मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. "अल्लाची रहमत," आपा म्हणाल्या, आणि दोघांनी, गेलेल्यासाठी दुवा मागून फिरवतात तसे, चेहऱ्यावरून हात फिरवले. शिष्टाचार म्हणून त्यानंही फिरवले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बाल्जान आपा दर शुक्रवारी गेलेल्या माणसांसाठी सात पातळ पोळ्या तेलात तळत. शेल्पेक म्हणतात त्यांना. तळणीचा वास वर जातो आणि गेलेल्यांना कळतं की आपली आठवण आहे. नवऱ्यासाठी तळत, आईसाठी तळत. आज त्यांनी सोबिरजोनला हाक मारली.

"नाव काय म्हातारबुवांचं?"

"कोणाचं?"

"तुझ्या जर्दाळूवाल्यांचं. बिचारा माणूस, एक्केचाळीस वर्षं फुलं मोजली. कुणी तळल्या की नाही कुणास ठाऊक त्यांच्यासाठी."

"नेमत," सोबिरजोन म्हणाला. त्याची जीभच तेवढी जागी होती.

मग आगा आले, त्यांची बायको आली, समोरच्या दारातल्या दोन म्हाताऱ्या आल्या. सात पोळ्या ताटात रचल्या गेल्या, सोनेरी, फुगून पुन्हा बसलेल्या. आगांनी कुराणातल्या ओळी म्हटल्या आणि नेमत या नावानं त्या पोचवल्या. सोबिरजोनच्या पाठीतून बर्फाचं पाणी गेलं. आणि इतक्यावर भागलं नाही. पहिली पोळी तोडण्याआधी आपा म्हणाल्या, "त्यांना तू ओळखायचास. चांगले दोन शब्द सांग."

सगळे त्याच्याकडे बघत होते. आता चांगलं काय सांगायचं? तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, माणूस वक्तशीर होता. तेवढ्यानं भागणार नव्हतं, म्हणून तो म्हणाला, कलम बांधायचा तो डाव्या हाताच्या नखानं, सुरी न लावता, आणि ते हटकून धरायचं. मलाही त्यानंच शिकवलं. मग त्याला आठवलं की लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घरात कोळसा नव्हता, तेव्हा हा माणूस सतरा कोस खेचरावरून लाकडं घेऊन आला होता आणि चहाही न घेता परत गेला होता, कारण खेचर शेजाऱ्याचं होतं. हे त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या फुलाच्या दिवशी तो अंगणात कुणाला मोठ्यानं बोलू द्यायचा नाही. सांगता सांगता सोबिरजोन खरंच रडू लागला, आणि जो माणूस बहुधा त्याच वेळी इस्फारात मुळा चिरत बसला असेल त्याच्यासाठी त्या दोन अनोळखी म्हाताऱ्यासुद्धा रडल्या. पोळी त्यानं खाल्ली. ती फार चांगली झाली होती, यानं तर त्याला आणखीच अपराधी वाटलं.

जेवणानंतर तो आडवा झाला. ऊन छातीवर पडलं होतं, घरभर तेलाचा वास होता. नेमतबोबा झाडावर बसलेले दिसले. खूप वर. शिडी नव्हती. ते पाकळ्या एकेक करून खाली सोडत होते आणि प्रत्येक पाकळीवर तारीख होती, पण सोबिरजोनच्या ओंजळीत आली की ती पुसली जाई. "दादोजान, उतरा," तो म्हणाला. म्हातारा म्हणाला, "कसा उतरू? तुम्ही पोळ्या तळल्यात."

तो धडपडून उठला. चारच वाजले होते. जिवंत माणसाच्या नावानं सात पोळ्या. आगांनी तर म्हाताऱ्याच्या बापाचं नावसुद्धा विचारून घेतलं होतं, पत्ता चुकायला जागा ठेवली नव्हती. त्या क्षणी तक्ता, परीक्षा, कापलं जाणारं नाव, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. त्यानं नंबर लावला. घंटी वाजली. पुन्हा वाजली. सहाव्यांदा वाजली तेव्हा तो मनातल्या मनात माफी मागू लागला होता.

"कोण?" म्हाताऱ्याचा आवाज आला.

सोबिरजोनला हुंदका आला. "दादोजान. मी. सोबिर."

"मुनिसा ठीक आहे?"

"ठीक आहे. दादोजान, तुम्ही ठीक आहात ना? छातीत वगैरे दुखत नाही ना?"

"कान दुखतोय. तू ओरडतोयस."

एवढ्यात बाल्जान आपा दारात आल्या, हातातलं फडकं तसंच. आवाज ऐकून त्यांच्या लक्षात काय आलं असेल ते असो, पण एक्स्चेंजमधली बाई ती. फोन मध्येच तोडायचा नाही हे त्यांच्या रक्तात होतं. त्यांनी फोन सोबिरजोनच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, वही उघडली, पेन्सिल घेतली आणि याला डोळ्यांनी खुणावलं की माग.

सोबिरजोननं मागितलं. तोंडानंच. संगणक बिघडला, तारखा गेल्या, तुमच्याशिवाय कुणाकडे नाहीत. मला द्याल का.

कुलपाचा आवाज आला. मग पत्र्याच्या झाकणाचा. "रशियनमध्ये वाचू का? तिकडे कुणीतरी श्वास घेतंय, त्यांनाही कळू दे." भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं त्या दिवसाचं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहायची म्हाताऱ्याची पद्धत होती. पहिलं पान निघालं. "तीस मार्च. पहिलं फूल. गाय व्याली."

"दादोजान, नुसत्या तारखा चालतील."

"पानावर आहे ते वाचतो. काटछाट करायला मी काही विद्वान नाही."

आपा लिहीत होत्या. पंचवीस मार्च, पाऊस झोडपतोय. दोन एप्रिल, मुनिसा जन्मली, झाड एक दिवस थांबलं. वर्षं चालली होती, एका सुरात, सावकाश, आणि बाहेर पाटातलं पाणी वाहत होतं. सत्तावीस मार्च, मुनिसाचं लग्न ठरलं. मुलगा शिकलेला आहे, पण हात चांगला आहे. मग एक पान आलं.

"एकतीस मार्च. पहिलं फूल. जावई आला नाही. रागावला असेल."

पेन्सिल चालत राहिली.

"चोवीस मार्च. पहिलं फूल. जावई आला नाही." पान उलटल्याचा आवाज. "एक एप्रिल. जावई आला नाही. त्यानं सांगितली तशी छाटणी करून पाहिली. फळ जास्त धरलं. कुणाला सांगितलं नाही." पान उलटल्याचा आवाज. "एकोणतीस मार्च. जावई आला नाही."

बारा पानं. मुनिसानं यातलं एक अक्षर त्याला वाचून दाखवलं नव्हतं. सोबिरजोनची मान खाली गेली होती आणि ती वर काढायचं त्याला सुचत नव्हतं. आपांनी प्रत्येक वेळी सगळं लिहिलं. एकदाही 'वरीलप्रमाणे' म्हटलं नाही.

"झाल्या," म्हातारा म्हणाला. "यंदाचं अजून फुललं नाही. चार-सहा दिवस लागतील. पान कोरं आहे."

सोबिरजोन बोटांवर दिवस मोजू लागला. परीक्षा आठवड्यानं होती, ताश्कंदहून पुढची गाडी मिळते की नाही ते बघायला हवं होतं. शेवटी बाल्जान आपांनी पेन्सिल खाली ठेवली आणि फोनवर वाकल्या.

"परीक्षा झाली की येतोय तो. झाडाला म्हणावं थांब."

"तुम्ही कोण?"

"घरमालकीण. आज सकाळी तुमच्या नावानं सात पोळ्या तळल्यात मी. मेलात असं सांगितलं होतं यानं."

सोबिरजोननं डोळे मिटले. आता झाडावर असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आपांनी फोनमध्ये दोनदा "हॅलो" म्हणून पाहिलं.

"कुराण वाचलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाचलं. शेजारच्या आगांनी. आणि हा रडला. चांगला हुंदके देऊन रडला, मी पाहिलंय."

"हा रडला?"

"अर्धी पोळी भिजली."

नेमतबोबांनी घसा साफ केला. एकदा केला, पुन्हा केला. मग म्हणाले, "सोबिर, ऐकतोयस ना? मेलेल्या माणसाशी आता कसला राग धरतोस. ये."